नितळ दिसणारं पाणी नदीला का मारतं?

कोळशाच्या खाणीतून झिरपून आलेलं पाणी उगमापाशी पुष्कळदा काचेसारखं नितळ असतं. ते बाटलीत भरून झाकण उघडं ठेवा. पीएच सहा-सातच्या आसपास असेल तर काही तासांत पाणी पिवळट होतं आणि मग तळाशी केशरी गाळ बसतो. हे लोखंड आधीपासूनच त्यात होतं, पण विरघळलेलं असल्यामुळे दिसत नव्हतं.

म्हणून नुसता पीएच मोजून समाधान मानू नये. एक मिलिग्रॅम विरघळलेलं लोखंड गाळ होऊन बसताना सुमारे 1.8 मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट खर्ची पडेल इतकं आम्ल सोडतं. समजा, लिटरमागे 60 मिलिग्रॅम लोखंड आहे आणि पाण्याची अल्कता, म्हणजे आम्ल पचवण्याची ताकद, याच कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात लिटरमागे 80 मिलिग्रॅम आहे. गरज 108 ची! पीएच 6.5 दाखवणारं हे पाणी पुढे ओढ्यात आंबट होणार.

याचं मूळ पायराइट या लोखंड-गंधकाच्या खनिजात आहे. जमिनीखाली हवेवाचून ते स्वस्थ पडून असतं. कोळशावरचा दगड खोदून ढीग रचला की हवा आणि पाणी मिळून सल्फ्युरिक आम्ल बनू लागतं. पाणी पुरेसं आंबट झालं की आम्लात वाढणारे जिवाणू लोखंडाच्या ऑक्सिडीकरणाचा वेग लाखो पटींनी वाढवतात आणि त्यातून बनलेलं फेरिक लोखंड उरलेल्या पायराइटवर तुटून पडतं. एकदा हे चक्र फिरू लागलं की खाण बंद झाल्यावरही दशकानुदशकं थांबत नाही.

त्यामुळे पहिलं काम ढिगाऱ्यापाशीच करायला हवं. दगडात 1 टक्का पायराइटी गंधक असेल तर टनामागे 31.25 किलो शुद्ध चुनखडी लागते. तीही बारीक करून दगडात मिसळावी. वर नुसती पसरून उपयोग नाही. डंपर कड्यावरून माल खाली ओततो तेव्हा मोठे दगड घरंगळत तळाशी जातात, त्यांच्यामधल्या पोकळ्यांतून हवा आत शिरते आणि ढीग चुलीसारखी हवा ओढू लागतो. म्हणून गंधकाचा दगड कमी जाडीच्या थरांत पसरून रोलरने दाबावा, पाणी साचणाऱ्या तळापासून वर ठेवावा आणि चिकणमातीने झाकावा. वरच्या अंगाला चर खणून स्वच्छ पाणी बाहेरूनच वळवावं. एका हेक्टरवर 50 मिलिमीटर पाऊस पडला की 500 घनमीटर पाणी होतं. ते ढिगाऱ्यात शिरलंच नाही तर शुद्धही करावं लागत नाही.

गाळ बसवण्याच्या तळ्यात खोलीपेक्षा क्षेत्रफळ महत्त्वाचं. 10 मायक्रोमीटरचा मातीचा कण एक मीटर खाली जायला साधारण तीन तास घेतो, तर 2 मायक्रोमीटरचा तीन दिवस. कोळशाची भुकटी हलकी असल्याने तिला आणखी वेळ लागतो. सेकंदाला 100 लिटर पाणी येत असेल तर 10 मायक्रोमीटरच्या कणांसाठीच किमान 1,100 चौरस मीटर हवेत, तेही पाणी सगळीकडून सारखं वाहत असेल तर. आत येणारं आणि बाहेर जाणारं तोंड जवळजवळ ठेवलं की पाणी थेट निसटतं आणि बाकीचं तळं नुसतं पडून राहतं.

आम्ल मारायला उघड्या चरात चुनखडीचे दगड टाकले तर त्यांवर लोखंडाचं कवच चढतं आणि चुनखडी निकामी होते. हवाबंद, जमिनीत पुरलेला चुनखडीचा चर बराच टिकतो. पाण्याला तिथे साधारण 15 तास मिळावेत. मात्र विरघळलेला ऑक्सिजन, फेरिक लोखंड आणि ॲल्युमिनियम ही तिन्ही लिटरमागे प्रत्येकी 1 मिलिग्रॅमच्या आत असली पाहिजेत. ॲल्युमिनियम जास्त असलं तर चर पांढऱ्या लगद्याने तुंबतो.

कोरड्या महिन्यांत ढिगाऱ्याच्या उतारावर पिवळी-पांढरी क्षारांची पापडी धरते. पहिला जोराचा पाऊस ती सगळी एकदम धुऊन नेतो आणि वर्षातलं सर्वांत आंबट पाणी बहुधा त्याच काही तासांत नदीत उतरतं. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला घेतलेल्या नमुन्यात ते सापडत नाही. त्या पावसात, पाणी वाहू लागताच नमुना घ्यावा लागतो.