दम आधी परततो, हाड मागून

मुंबई मॅरेथॉन साधारणपणे जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. सोळा आठवड्यांचं वेळापत्रक घेतलं, तर तयारी सप्टेंबर संपता संपता सुरू करावी लागते. पुढच्या चार महिन्यांत महाराष्ट्रातल्या घरांत काय काय असतं, हे त्या वेळापत्रकाला ठाऊक नसतं. नवरात्राचे उपास, मुलांची सहामाही, दिवाळीचे पाहुणे, तुळशीचं लग्न लागलं की सुरू होणारे मुहूर्त, डिसेंबरातली ऑफिसची घाई, आणि यांच्या अधेमधे घरातल्या सगळ्यांना पाळीपाळीने येणारा ताप. नोकरी सांभाळून पळणाऱ्याचं वेळापत्रक मोडणार, हे गृहीतच धरायला हवं.

मोडल्यावर शरीरात काय होतं, यावर गेल्या साठेक वर्षांत बराच अभ्यास झाला आहे. पळणाऱ्यांच्या गटांत मात्र उलटीच समजूत दिसते. खंड पडला की लोक हवालदिल होतात आणि परत सुरू करताना बिनधास्त असतात. खरी काळजी नेमकी उलट्या जागी करायला हवी.

आधी खंडाचं बघू. 1984 मध्ये अमेरिकेत एडवर्ड कॉइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं कसून सराव करणाऱ्या काही खेळाडूंना सराव पूर्ण बंद करायला लावला आणि त्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता मोजली. हीच ती व्हीओटू मॅक्स, जिचा अंदाज हल्ली मनगटावरची घड्याळंही सांगतात. पहिल्या तीन आठवड्यांत ती सुमारे 7 टक्क्यांनी उतरली, आठ आठवड्यांत 16 टक्क्यांनी, आणि मग तिथेच थांबली. तीन महिने काहीही न करता ही माणसं कधीच सराव न केलेल्यांपेक्षा वरच्याच पायरीवर होती. सरावाने स्नायूंत वाढलेलं केशवाहिन्यांचं जाळं तर जवळजवळ जसंच्या तसं टिकलं होतं. पेशींमधली ऊर्जा तयार करणारी यंत्रणा मात्र बरीच मंदावली होती.

सुरुवातीची घसरण कशाची, याचं उत्तर त्याच गटाने दोन वर्षांनी दिलं. सराव थांबवल्यावर दोन ते चार आठवड्यांत रक्ताचं एकूण आकारमान सुमारे 9 टक्क्यांनी घटतं. हृदय दुबळं झालेलं नसतं, त्याला भरायला रक्त कमी मिळत असतं. शिरेतून द्रव देऊन ते आकारमान पूर्ववत केल्याबरोबर घसरणीचा मोठा भाग भरून निघाला. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी नेहमीच्याच वेगाला नाडी दहा-बारा ठोक्यांनी जास्त पडते, त्याचं मोठं कारण हे. रक्तातला पाण्याचा भाग, म्हणजे रक्तद्रव, वाढायला फार वेळ लागत नाही. सराव सुरू होताच काही दिवसांत तो वाढू लागतो. तांबड्या पेशी वाढायला मात्र आठवडे जातात. ‘लग्नाच्या गडबडीत आठ दिवस गेले, सगळं पाण्यात गेलं’ असं कुणी म्हणालं, तर गेलंय ते बहुतेक पाणीच, आणि ते परत येतं.

पूर्ण झोपून राहणं ही मात्र वेगळी गोष्ट आहे. 1966 मध्ये अमेरिकेतल्या डॅलस शहरात विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं. त्यांची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता सरासरी 27 टक्क्यांनी पडली. तीस वर्षांनी संशोधकांनी त्याच पाच जणांना पुन्हा बोलावून मोजमाप केलं. तीस वर्षांच्या वयाने केलेलं नुकसान त्या तीन आठवड्यांच्या झोपण्याने केलेल्या नुकसानापेक्षा कमी निघालं! मग पन्नाशीतल्या या पाचांनी सहा महिने बेताबेताने सराव केला आणि 1966 मध्ये झोपण्याआधी जिथे होते तिथे परत पोचले. पाच माणसांवरून जगाचे नियम काढायचे नसतात, हे मान्य. पण पाय मुरगळल्यावर ‘आता पूर्ण आराम’ म्हणून सोफ्यावर आडवं होणाऱ्याने या पाचांची आठवण ठेवावी. डॉक्टरांची हरकत नसेल तर सायकल, पोहणं, निदान चालणं यांनी रक्ताचं आकारमान बऱ्यापैकी राखता येतं.

आणि वेळच नसेल तर? रॉबर्ट हिक्सन या संशोधकाने 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला केलेले प्रयोग माझ्या मते प्रत्येक नोकरदार धावपटूला माहीत असावेत. त्याने लोकांना दहा आठवडे, आठवड्यातून सहा दिवस, रोज 40 मिनिटं चांगलंच दमवलं. मग काहींचे दिवस सहाचे चार किंवा दोन केले. दुसऱ्या प्रयोगात दिवस तेवढेच ठेवून मिनिटं कमी केली, अगदी तेरा मिनिटांपर्यंत. पंधरा आठवड्यांनीही कमावलेली व्हीओटू मॅक्स जवळपास टिकून होती. तिसऱ्या प्रयोगात दिवस आणि मिनिटं तशीच ठेवून जोर कमी केला, तेव्हा ती उतरली. दिवाळीच्या आठवड्यात पहाटे दोनदा वीस-पंचवीस मिनिटं पळालात आणि त्यात थोडा वेळ श्वास लागेल असं पळालात, तर दम राखायला तेवढं पुरतं. लांब पल्ल्याची तग मात्र अशाने फार काळ टिकत नाही. तिच्यासाठी रविवारचा लाँग रन लागतोच.

इथवर सगळं दिलासा देणारं झालं. अडचण सुरू होते ती परत आल्यावर.

दोन-तीन आठवड्यांत रक्त भरतं, नाडी खाली येते, श्वास लागेनासा होतो. मरीन ड्राइव्हवर पाच किलोमीटर गप्पा मारत पुरे होतात. मनाला वाटतं, जमलं. शरीराचे इतर भाग मात्र या तारखांनी चालत नाहीत. पोटरी टाचेला जिने जोडलेली असते ती कंडरा, जिला आपण सरसकट शीर म्हणतो, ती तर फारच सावकाश चालणारी. 1950 च्या दशकाच्या मध्यापासून 1963 पर्यंत वातावरणात झालेल्या अणुचाचण्यांमुळे जगभरच्या हवेत किरणोत्सारी कार्बन वाढला होता, आणि पुढे तो हळूहळू कमी होत गेला. त्या काळात वाढलेल्यांच्या शरीरात त्याची खूण राहिली. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी 2013 मध्ये मृत व्यक्तींच्या टाचेच्या कंडरेतला हा कार्बन मोजला. कंडरेच्या गाभ्यातली खूण त्या माणसाच्या सतरा वर्षांच्या आसपासची निघाली. म्हणजे वाढीचं वय संपल्यावर त्या गाभ्याची नव्याने बांधणी जवळजवळ होतच नाही. भार दिल्यावर कंडरा जास्त ताठ आणि सक्षम होते, पण त्यासाठी महिने द्यावे लागतात. चाळिशीत पळायला लागलेल्यांच्या टाचा सकाळी पलंगावरून उतरताना का धरतात, ते यावरून समजतं.

हाडाचं गणित आणखी चमत्कारिक आहे. नवा भार पडला की शरीर आधी जुनं हाड खणून काढतं आणि मग तिथे नवं भरतं. खणण्याला सुमारे तीन आठवडे, भरण्याला तीन-चार महिने. पावसाळ्यानंतर पालिका रस्ता खणते आणि डांबर पडेपर्यंत वाहतूक त्याच अर्ध्या रस्त्यावरून जात राहते, तशीच ही अवस्था. पळताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार पायावर येतो आणि एका किलोमीटरला हजाराहून जास्त पावलं पडतात. सराव सुरू केल्यावर महिन्याभरात दम मस्त, उत्साह दांडगा आणि नडगीचं हाड नेमकं खणलेलं, असा योग जुळून येतो. प्रशियाच्या सैन्यातल्या ब्राइटहाउप्ट या डॉक्टरने 1855 मध्येच लांबच्या संचलनांनंतर सैनिकांची पावलं सुजून दुखत असल्याचं नोंदवलं होतं. क्ष-किरणांचा शोध लागायला तेव्हा चाळीस वर्षं होती. पुढे हे पावलाच्या हाडांना गेलेले बारीक तडे असल्याचं कळलं. आजही पहिल्या दोन-तीन आठवड्यांतल्या एक्स-रेत असा तडा बरेचदा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतो. तेव्हा ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ म्हणून लगेच पळायला सुटू नये. नडगीवर लांबलचक पट्ट्यात दुखत असेल, तर बहुतेक वेळा भार कमी केल्यावर निवळतं. एका बोटाने दाखवता येईल अशा जागी दुखत असेल, एका पायावर उडी मारली की कळ येत असेल किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडांच्या डॉक्टरांकडे जायला उशीर नको.

मग वाढवायचं कसं? दर आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त अंतर वाढवू नये, हा नियम प्रत्येक ग्रुपवर कुणी ना कुणी सांगतो. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन इथे 532 नवख्या धावपटूंवर त्याची परीक्षा झाली आणि 2008 मध्ये निकाल छापून आला. एका गटाने तेरा आठवडे या नियमाने सावकाश वाढवलं, दुसऱ्याने आठच आठवड्यांत तयारी केली. पहिल्यात 20.8 टक्के जायबंदी झाले, दुसऱ्यात 20.3 टक्के. नियमाने काही हाती लागलं नाही! 2025 मध्ये डेन्मार्कच्या पुढाकाराने झालेल्या, पाच हजारांहून अधिक धावपटूंच्या अभ्यासात एक कारण दिसलं. आठवड्याची बेरीज वाढण्यापेक्षा एकाच दिवशी गेल्या महिन्याभरातल्या सर्वांत लांब धावेच्या बरंच पुढे जाणं जास्त महागात पडत होतं. आपल्याकडे हे सर्रास होतं. तीन रविवार बुडाले, चौथ्या रविवारी ग्रुप अठरा किलोमीटर करतोय, मग आपणही करू. आठवड्याची बेरीज भरून काढण्याच्या हट्टापायी एकच दिवस फुगतो. बुडालेले रविवार सोडून द्यावेत. गेल्या महिन्यात सर्वांत लांब दहा पळालो असू, तर हा रविवार अकराचा. ग्रुप पुढे जाईना का.

शरीर ऑफिस आणि मैदान असे वेगवेगळे हिशेब ठेवत नाही. अमेरिकेत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना पायांचा जड व्यायाम करायला लावून पुढचे चार दिवस त्यांची ताकद कशी परतते ते मोजलं गेलं. ज्यांच्या आयुष्यात ताण जास्त होता, त्यांची ताकद हळू परतली. व्यायाम सगळ्यांचा सारखाच होता. मार्चअखेरीला बँकेत रात्री नऊपर्यंत बसणाऱ्याचा आठ किलोमीटरचा सराव आणि मे महिन्यात सुट्टीवर गावी आलेल्याचा आठ किलोमीटरचा सराव, वहीत सारखेच दिसतात. शरीराला ते सारखे नसतात. झोप बुडवून पहाटे चारला उठण्याचं आपल्याकडे फार कौतुक होतं. मला ते पटत नाही. पाच तास झोपून केलेल्या लाँग रनपेक्षा सात तास झोपून केलेला छोटा रन बरा.

खाण्याचा हिशेबही याच खात्यावर येतो, आणि त्यात बायकांची स्थिती जास्त नाजूक. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. हिमोग्लोबिन नऊवर असताना पळून दम वाढत नाही, म्हणून स्वतःला आळशी ठरवणाऱ्या कितीतरी जणी आहेत. आधी रक्त तपासावं. जेवणाबरोबरचा चहा लोह शोषू देत नाही, तो तासाभराने घ्यावा. नवरात्राचे नऊ दिवस उपास आणि त्यातच सरावाचा जोर असं होऊ लागलं, तर ऊर्जा कमी पडते आणि शरीर आधी हाडांवरचा आणि संप्रेरकांवरचा खर्च कापतं. सरावाच्या काळात पाळी लांबली किंवा थांबली, तर ‘पळते ना, होतं असं’ म्हणून सोडू नये. हाडाला तडा जाण्याआधीचा तो इशारा असू शकतो. उपास करायला हरकत नाही, त्या नऊ दिवसांत हिक्सनची वीस मिनिटं पुरतात.

तापाबद्दल मात्र तडजोड नाही. नुसतं नाक गळत असेल तर हलकं पळणं चालतं. ताप, अंगदुखी, छातीत कफ असेल तर बंद, कारण काही विषाणू हृदयाच्या स्नायूला सूज आणतात आणि त्या अवस्थेत पळणं जिवावर बेतू शकतं. डेंग्यूनंतरचा अशक्तपणा आठवडे रेंगाळतो, चिकुनगुन्याची सांधेदुखी कधी कधी महिने. डेंग्यूची शंका असताना आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

राहता राहिले गुडघे. पळणाऱ्या प्रत्येकाला घरातली वडीलधारी मंडळी सांगतात की म्हातारपणी गुडघे जातील. 2017 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा खुब्याची किंवा गुडघ्याची झीज हौशी धावपटूंत 3.5 टक्के आढळली, न पळणाऱ्या बैठ्या लोकांत 10.2 टक्के, आणि स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांत 13.3 टक्के. पळण्यानेच गुडघे वाचतात असं यावरून सिद्ध होत नाही, कारण मुळात गुडघे दुखणारा माणूस पळायच्या वाटेला जात नसेल. पण आत्याबाईंना दाखवायला आकडे बरे आहेत.

आता डिसेंबरचा पहिला आठवडा धरू. नाव नोंदवून झालंय, पैसे भरलेत, पेडर रोडचा चढ नजरेसमोर आहे. दहा दिवसांच्या तापातून नुकताच उठलेला माणूस जानेवारीत 42 किलोमीटर पळू शकतो, ताप येण्याआधी लाँग रन झालेले असतील तर. वेळेची अपेक्षा तेवढी सोडायची. लग्नकार्यात दोन आठवडे गेलेलाही पळू शकतो. नडगीच्या हाडाला तडा गेल्याचं एमआरआयत दिसलेला माणूस मात्र पळू शकत नाही, दम कितीही असो. हाड भरायला किमान सहा ते आठ आठवडे लागतात, आणि त्यानंतरही तो एक मिनिट पळणं, एक मिनिट चालणं इथूनच सुरुवात करणार. त्याची शर्यत पुढचा पावसाळा सरता सरताची. सप्टेंबरच्या सुमारास साताऱ्याला यवतेश्वरच्या घाटात हिल हाफ मॅरेथॉन होते, आणि हाडाला तोवर पुरेसे महिने मिळालेले असतात.