रीजनल सेंटरची पात्रता: भारतातून कॅलिफोर्नियात आलेल्या मराठी कुटुंबांसाठी

भारतातून येताना बरेच आईबाबा मुलाचं यूडीआयडी कार्ड (सरकारी दिव्यांग ओळखपत्र) जपून आणतात. त्यावर अपंगत्व ६५ टक्के, ७५ टक्के असं काही लिहिलेलं असतं. तिकडे ४० टक्क्यांच्या रेषेवर बरंच काही ठरतं. कॅलिफोर्नियात विकासात्मक अक्षमता असलेल्यांना मदत मिळवून देणाऱ्या संस्थांना रीजनल सेंटर म्हणतात, आणि तिथली पात्रता या टक्क्यावर ठरत नाही. इथे विचारतात: मुलाला रोजचं काय जमतं, काय जमत नाही, आणि हे कधीपासून? आम्ही कागदपत्रांचं भाषांतर करून देतो. आमच्याकडे येणारी कुटुंबं या प्रश्नाशी अडखळताना दिसतात, म्हणून हे पत्रक.

अर्ज कुठे आणि कुणी करायचा

१९६९च्या लँटरमन कायद्याखाली राज्यात २१ रीजनल सेंटर आहेत. तुमच्या पत्त्यावरून सेंटर ठरतं. सनीव्हेल, सॅन होजेला राहत असाल तर सॅन अँड्रियास, फ्रीमाँटला असाल तर ईस्ट बे. पात्रता ठरवताना घरचं उत्पन्न बघत नाहीत आणि व्हिसाही बघत नाहीत. तुम्ही राज्यात राहत असलात की पुरे. ‘एच-वन-बीवर आहोत, आपल्याला कुठलं मिळणार’ म्हणून अर्जच न केलेले आईबाबा भेटतात, तेव्हा फार वाईट वाटतं. ती वर्षं मुलाची गेलेली असतात.

नियम काय आहे

बौद्धिक अक्षमता, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी किंवा एपिलेप्सी यांपैकी काही हवं. पाचवा गट बौद्धिक अक्षमतेशी जवळचं नातं असलेल्या किंवा तशाच मदतीची गरज असलेल्या अवस्थांचा. त्याला इथे ‘फिफ्थ कॅटेगरी’ म्हणतात. बुद्ध्यांक ७०च्या थोडा वर आला म्हणून आशा सोडू नका, हा गट आहे हे लक्षात ठेवा. अवस्था वयाच्या १८ वर्षांच्या आत सुरू झालेली आणि पुढेही राहणारी असावी लागते. फक्त मानसिक आजार, फक्त शारीरिक अपंगत्व किंवा फक्त शिकण्यातली अडचण असेल तर ती यात बसत नाही.

एवढ्यावर भागत नाही. सात बाबी तपासतात: स्वतःची निगा, भाषा (समजणं आणि बोलणं), शिकणं, हालचाल, स्वतःचे निर्णय घेणं, एकट्याने राहण्याची क्षमता, स्वतःच्या पायावर उभं राहण्याइतकं कमावणं. वयाच्या मानाने यातल्या किमान तीन बाबींत ठळक मर्यादा दिसायला हव्यात. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी तात्पुरत्या पात्रतेची सोय आहे. तिथे शेवटच्या दोन बाबी वगळून उरलेल्या पाचांपैकी दोन पुरतात. तीन वर्षांखालच्या बाळांसाठी ‘अर्ली स्टार्ट’ हा वेगळा कार्यक्रम आहे. तो तिसऱ्या वाढदिवसाला संपतो आणि पुढची पात्रता नव्याने ठरते.

शाळेने आयईपी (मुलासाठीची खास शिक्षणाची लेखी योजना) दिला म्हणजे रीजनल सेंटरचं काम झालं, हा समज फार पसरला आहे. ती दोन वेगळी खाती आहेत, नियमही वेगळे.

भारतातले जुने कागद

मूल लहान असेल तर इथल्या तपासण्या होतात. पण २४ वर्षांचा मुलगा आईबाबांबरोबर इथे आला, तर १८च्या आतला पुरावा हवा, आणि तो भारतातल्या कपाटात असतो. प्रसूतीच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड (बाळ उशिरा रडलं, काचेत ठेवलं वगैरे), बिने-कामत या बुद्ध्यांक चाचणीचा अहवाल, विशेष शाळेची प्रगतिपुस्तकं. बाईंनी मराठीत लिहिलेला ‘स्वतःचा डबा उघडता येत नाही’ हा शेरा इथे टक्केवारीपेक्षा जास्त बोलतो. असे शेरे आम्ही शब्दन् शब्द भाषांतरित करतो.

मुलाखतीत खरं तेवढं सांगा

आपल्याला चारचौघांत लेकराचं कौतुक सांगायची सवय. ‘तसं सगळं करतो तो’ हे वाक्य तोंडून निघून जातं. आंघोळ करतो, बरोबर. पण पाणी कोण सोडतं, साबण लावायची आठवण कोण करतं, बाहेर आल्यावर कोण पुसतं? कपडे घालतो, पण बटणं? ही मदत तुमच्या इतकी अंगवळणी पडलेली असते की ती मदत आहे हेच दिसेनासं होतं. दोन आठवडे वहीत रोजचं टिपून ठेवा. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांनाही विचारा, त्यांना दिसतं. मराठी दुभाषी हवा असेल तर पहिल्याच फोनवर मागा, तो तुमचा हक्क आहे.

अर्ज दिल्यावर १५ कामकाजाच्या दिवसांत सुरुवातीची भेट आणि त्यानंतर सर्वसाधारणपणे १२० दिवसांत तपासणी व्हायला हवी. तारखा लिहून ठेवा. नकार आला तर तो लेखी मागा. अपिलाला ६० दिवस असतात.

अर्जाला आणि तपासणीला पैसे पडत नाहीत, आमच्याशिवायही अर्ज करता येतो. आम्ही वकील नाही. अपिलाची वेळ आली तर कायद्याचा सल्ला घ्या. आमच्याकडे येताना मूळ कागद आणा. तुमच्यासमोर स्कॅन करून लगेच परत देतो, एकही ठेवून घेत नाही.