किनारी वालुकागिरी : कोवळी अवस्था

पुळणीवर भरतीच्या रेषेपलीकडे, वाऱ्याने आलेली वाळू वनस्पतींभोवती अडून तयार होणारे बुटके उंचवटे ही किनारी वालुकागिरीची पहिली अवस्था होय. असे उंचवटे एकमेकांना जोडले जाऊन पुढे किनाऱ्याला समांतर रांग उभी राहते.

वाळूचे बहुतेक कण हवेत तरंगत नाहीत; ते जमिनीलगत उड्या घेत सरकतात. ब्रिटिश अभियंता राल्फ बॅगनोल्ड यांनी १९३० च्या दशकात वातबोगद्यात (कृत्रिम वारा सोडण्याच्या बंदिस्त नळीत) या उड्यांचा अभ्यास केला. उडी बुटकी असल्याने वीतभर उंचीची वनस्पतीही वाळू अडवायला पुरते. ओंडक्यामागेही वाळू साठते, पण ओंडका बुडाला की त्याचे काम संपते. रोप मात्र वाळूतून पुन्हा वर डोके काढते आणि नवी वाळू अडवते.

उत्तर युरोपात हे टप्पे स्पष्ट दिसतात. खारे पाणी अधूनमधून अंगावर आले तरी तगणारे सँड काउच गवत आधी रुजते. उंचवटा खाऱ्या पाण्याच्या वर आला की मॅरम गवत येते. वर्षाकाठी मीटरभर वाळू पडली तरी हे गवत खोड लांबवून वर येते. उलट ताजी वाळू थांबली की ते खुरटते, कारण जुन्या वाळूत मुळांना त्रास देणारे सूत्रकृमी आणि बुरशी वाढलेल्या असतात. गाडले जाण्यावरच जिची तब्येत टिकते, अशी वनस्पती विरळाच.

वालुकागिरीचा आकार केवळ वारा ठरवत नाही. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, ऑरेगन आणि वॉशिंग्टनमध्ये, बाहेरून आणलेल्या मॅरमच्या दोन जाती आहेत. युरोपीय जात दाट, उभ्या झुबक्यांनी वाढते. तिच्या टेकड्या उंच व अरुंद होतात. पूर्व अमेरिकेतली जात विरळ राहून आडवी पसरते. तिच्या टेकड्या बुटक्या आणि रुंद. त्यामुळे वादळी लाटांपासून मिळणारे संरक्षणही बदलते.

कोकण-गोव्यात हे काम प्रामुख्याने मर्यादवेल आणि स्पिनिफेक्स गवत करतात. मर्यादवेलीची पाने टोकाला दुभंगलेली, आपट्याच्या पानासारखी; तिची लांब खोडे पेऱ्यापेऱ्याला मुळे धरतात. स्पिनिफेक्सची काटेरी, गोल फळे वाऱ्याबरोबर पुळणीवर गडगडत जातात आणि बी पसरवतात. पावसाळ्यात लाटा पुळण खरवडतात, ओली वाळू उडत नाही. उघडीप झाली की लाटा वाळू परत आणून टाकतात आणि उन्हाळ्यातल्या दुपारच्या वाऱ्यावर ती वेलींपर्यंत पोचते. म्हणून पहिल्याच पावसाळ्यात कोवळा उंचवटा वाहून जाणे हे इथे नवल नाही. वेलीची मुळे वरच्या बाजूला तगली तर पुढच्या हंगामात ती पुन्हा समुद्राकडे सरकते.

भारतात वालुकागिरींना किनारा नियमन क्षेत्राच्या (सीआरझेड) पहिल्या वर्गात संरक्षण आहे. तरी शॅक (पुळणीवरची तात्पुरती उपाहारगृहे), वाहनतळ आणि सततची पायपीट यांचा पहिला मार या कोवळ्या रांगेवरच बसतो, कारण ती टेकडीसारखी दिसतच नाही. सुरूची लागवड हा त्यावरचा उपाय मानला जातो. पण सुरूच्या सावलीत आणि पडलेल्या सुयांच्या थराखाली मर्यादवेल फारशी वाढत नाही. जमिनीलगत उडणारी वाळू अडवायला झाडाच्या शेंड्याचा उपयोग नाही.