मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावांत खून कशावरून होत आले

बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण करून खून झाला. त्यानंतर मराठवाड्यातल्या गुन्हेगारीचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं असतं: 'आधी असं नव्हतं.' आधी म्हणजे नेमकं कधी, हे मात्र कुणी सांगत नाही.

निजामाच्या राजवटीचा शेवट तर नक्कीच नव्हे. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरात वकिली करायचा. १९४७-४८ मध्ये गावं लुटली गेली, माणसं मारली गेली. १७ सप्टेंबर १९४८ला हैदराबाद शरण आल्यावर काही भागांत उलट दिशेनं सूड उगवला गेला. मुक्तिसंग्रामाच्या भाषणांत तो भाग सहसा येत नाही. या दोन्ही वेळच्या मृत्यूंपैकी फार थोडे रीतसर गुन्हा म्हणून ठाण्यात नोंदले गेले असतील.

मग कूळकायदा आला. हैदराबाद राज्याचा १९५०चा. कसणाऱ्याला हक्क मिळू लागला आणि सातबाऱ्यावर कुणाचं नाव लागतं याला जिवाइतकी किंमत आली. धुऱ्यावरून म्हणजे शेताच्या बांधावरून, वाटेवरून, विहिरीच्या पाळीवरून भावकीत कुऱ्हाडी निघाल्या. जायकवाडीचा कालवा आल्यावर पाण्याची पाळी हे आणखी एक कारण झालं. असा खून करणारा बहुधा मेलेल्याच्या नात्यातला, ओळखीतला असतो. पेरणीच्या तोंडावर नांगराचा फाळ धुऱ्यात हातभर आत गेला, एवढंही पुरतं. देशभरातही चित्र वेगळं नाही: राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या अहवालात २८,५२२ खून आहेत आणि त्यांतले ९,९६२, म्हणजे सर्वांत मोठा वाटा, वादावादीतून झालेले.

'आधी असं नव्हतं' म्हणणाऱ्यानं परभणी जिल्ह्यातलं मानवत आठवावं. कापसाची बाजारपेठ असलेलं गाव. बहात्तरच्या दुष्काळाचं वर्ष. १४ नोव्हेंबर १९७२ ते ४ जानेवारी १९७४ या काळात तिथं दहा खून झाले. दहाएक वर्षांच्या पाच मुली, एक वर्षाचं लेकरू आणि चार बायका. गुप्तधनासाठी बळी दिले गेले, असं तपासात मांडलं गेलं. स्थानिक पोलिसांना धागा सापडेना, म्हणून मुंबईहून पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांना बोलावलं गेलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९७७च्या निकालात माफीच्या साक्षीदारावर किती विसंबावं याची जी चर्चा आहे, ती वकील आजही वाचतात. गाव भीतीनं दाराआड बसलं होतं आणि त्याच वेळी गावातले काहीजण गुप्तधनावर विश्वासही ठेवत होते, ही गोष्ट मला खुनांइतकीच महत्त्वाची वाटते. नरबळी आणि जादूटोण्याविरोधातला राज्याचा कायदा झाला तो २०१३ साली, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर.

मानवतनंतर चारच वर्षांनी वेगळीच आग लागली. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि गावोगावच्या दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे मारले गेले. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ला. अॅट्रॉसिटी कायदा १९८९चा. म्हणजे अठ्ठ्याहत्तरमधलं बरंच काही त्या वेळच्या कागदांवर दंगल, जाळपोळ, मारहाण एवढंच दिसतं. पुढं अॅट्रॉसिटीचे आकडे वाढले, त्यात घटना किती वाढल्या आणि तक्रार द्यायचं धाडस किती वाढलं, हे वेगळं काढून पाहावं लागतं. वाढलेला आकडा पाहून 'कायद्याचा गैरवापर' म्हणणारे हा हिशेब करत नाहीत.

पारध्यांचंही तसंच. गुन्हेगार जमातींचा शिक्का कायद्यानं ३१ ऑगस्ट १९५२ला पुसला, पण गावाबाहेर दरोडा पडला की पोलीस आजही आधी त्यांच्याच पालावर जातात.

गेल्या वीसेक वर्षांत भर पडली ती बाहेरून आलेल्या पैशाची. परळीच्या औष्णिक केंद्राची राख, गोदावरीची वाळू, बालाघाटावरच्या पवनचक्क्या, बायपासलगतचं प्लॉटिंग. यातल्या प्रत्येक धंद्यात जागा अडवता येते, गाडी थांबवता येते, म्हणून हप्ता मागता येतो. वाळूचा हायवा ट्रक अडवायला गेलेल्या तलाठ्यावर तो घालण्याचा प्रयत्न झाल्याच्या बातम्या आता आतल्या पानावर जातात. देशमुख प्रकरणात पवनचक्की कंपनीकडे मागितलेल्या खंडणीला ते आडवे आले म्हणून खून झाला, असा तपास यंत्रणेचा आरोप आहे. मकोका, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधातला कायदा, लागला. बीड जिल्ह्यात बंदुकीचे हजारावर परवाने दिले गेल्याचंही त्यानंतरच चव्हाट्यावर आलं. धुऱ्यावरच्या खुनात माणूस रागाच्या भरात कुऱ्हाड उचलतो. इथं गाड्या ठरतात, माणसं ठरतात, मोबाइलवर चित्रण होतं.

म्हणून तालुक्याच्या गावाचा कल पाहताना खुनांचा नुसता आकडा हाती फार काही देत नाही. चाळीस-पन्नास हजार वस्तीत एका वर्षी दोन खून आणि पुढच्या वर्षी चार झाले, तर मथळा 'खून दुप्पट' असा होतो, आणि एकाच भावकीतल्या एकाच भांडणानंही ते घडू शकतं. शिवाय एका गुन्ह्यात अनेक कलमं असली तरी अहवालात मोजलं जातं ते सर्वांत गंभीर. खुनाबरोबर खंडणी असली की खंडणी आकड्यातून गायब. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता आली. तोंडात बसलेलं 'तीनशे दोन' आता कलम १०३ झालं आणि 'तीनशे सात' १०९. जुन्या आणि नव्या वर्षांची तुलना करायला बसणाऱ्यानं आधी ही कलमं जुळवून घ्यावीत, आणि मग प्रत्येक फिर्यादीत खुनाचं कारण काय सांगितलंय ते वाचावं.