चार पायऱ्यांना सात मीटर

गेल्या आठवड्यात ओळखीच्या एका गृहस्थांनी फोटो पाठवला. त्यांच्या इमारतीच्या दाराशी नवा रॅम्प झालाय. चकचकीत फरशी, स्टीलचा कठडा आणि भिंतीवर व्हीलचेअरच्या चिन्हाची निळी पाटी. खाली लिहिलेलं, 'आता आमची इमारत सर्वांसाठी!' अभिनंदन करायचं सोडून मी शेजारच्या पायऱ्या मोजत बसलो. (मला मित्र कमी का, हे आता लक्षात आलं असेल.)

पायऱ्या चार होत्या. एक पायरी साधारण १५ सेंटिमीटरची धरली तर एकूण चढ ६० सेंटिमीटर. फरशा मोजून रॅम्पची लांबी काढली, ती जेमतेम अडीच मीटर भरली. म्हणजे उतार जवळपास १:४. व्हीलचेअरसाठी जगभर मानली जाणारी मर्यादा १:१२ आहे, १ सेंटिमीटर चढायला १२ सेंटिमीटर आडवं अंतर. अमेरिकेत १९६१ साली सुलभ इमारतींचं पहिलं मानक आलं, त्यातही हाच आकडा होता. यातून एक सोपा हिशेब निघतो: एका पायरीमागे १.८ मीटर रॅम्प. चार पायऱ्यांना ७.२ मीटर. रॅम्प पायऱ्यांच्या शेजारीच, त्यांच्याइतक्याच जागेत मावला असेल, तर तो रॅम्प नाही, घसरगुंडी आहे.

पण बाराच का? शाळेतली उतरण आठवा. उंची तीच ठेवून अंतर वाढवलं की बल कमी लागतं, काम मात्र तेवढंच होतं. माणूस आणि खुर्ची मिळून ९० किलो धरू. १:१२ च्या उतारावर या वजनाचा साडेसात किलोचा हिस्सा खुर्चीला मागे ओढत असतो. १:४ वर तोच २२ किलोच्या आसपास जातो. शिवाय हात चाकाला नव्हे, चाकाला जोडलेल्या कड्याला ढकलतो. कड्याचा व्यास चाकापेक्षा लहान, त्यामुळे हाताला आणखी जास्त जोर लावावा लागतो. त्यात प्रत्येक ढकलीनंतर हात मागे नेऊन पुन्हा पकड घ्यायची असते. सपाटीवर त्या क्षणात खुर्ची आपल्या वेगाने पुढे जात राहते. तीव्र चढावर त्याच क्षणात ती मागे घरंगळायला लागते.

तरी बळाचं एक वेळ जमेल, दंड कमावता येतात. खरा पेच तोलाचा आहे, आणि माझा सगळ्यात आवडता भाग हाच. बसलेल्या माणसासकट खुर्चीचा गुरुत्वमध्य (सगळं वजन जिथे एकवटलंय असं मानतात तो बिंदू) मोठ्या चाकांच्या आसाच्या किंचित पुढे असतो. समजा तो आसापुढे १५ सेंटिमीटर आणि जमिनीपासून ६० सेंटिमीटर उंच आहे. चढावर खुर्ची मागे कलते, गुरुत्वमध्य मागे सरकतो, आणि त्यातून खाली सोडलेली रेघ मागच्या चाकाच्या टेकण्याच्या बिंदूपलीकडे गेली की खुर्ची उताणी. हे कधी होईल? उतार १५ भागिले ६०, म्हणजे ०.२५ झाला की. अर्थात १:४! फोटोतल्या रॅम्पवर ही खुर्ची नुसती उभी असतानाच उलटायच्या बेतात आली असती.

इथवर टिकला असाल तर आणखी एक पायरी चढू. गाडी झटक्यात सुटली की उभा माणूस मागे झुकतो. हाताची प्रत्येक ढकल म्हणजे तसाच छोटा झटका. समजा त्या क्षणाचं त्वरण गुरुत्वत्वरणाच्या एक दशांश आहे. तोलाच्या दृष्टीने जणू उतारात ०.१ ची भर पडली. १:१२ चे ०.०८३ अधिक ०.१, बेरीज ०.१८. चालेल. १:८ वर ती ०.२२५ होते, म्हणजे काठावर. १:६ वर ०.२६७, खुर्ची गेली. सरावलेला माणूस चढताना छातीपासून पुढे वाकतो आणि ते १५ सेंटिमीटर वाढवून घेतो. पण ज्याच्या पाठीच्या कण्याला वरच्या भागात इजा झालीय, त्याला धड पुढे वाकवून सावरता येत नाही. 'थोडा जोर लावा की' असं सांगणाऱ्याला हे दिसत नाही.

मोजायला फार काही लागत नाही. मोबाइलमधलं लेव्हलचं ॲप उघडा आणि फोन उतारावर आडवा ठेवा. १:१२ म्हणजे ४.८ अंश. पाचाच्या वर आकडा दिसला की शंका घ्या.

आकडा बरोबर आला तरी वर चढून जा. माथ्यावर साधारण दीड मीटर सपाट जागा हवी. ती नसेल आणि दार बाहेर उघडणारं असेल, तर एका हाताने दार ओढायचं आणि दुसऱ्याने खुर्ची घसरू द्यायची नाही, अशी कसरत. दाराला गोल मूठ आहे की दांडा, हेही पाहा. मूठ पकडून पिळावी लागते, दांडा कोपराने दाबता येतो. संधिवाताच्या बोटांना हा फरक लगेच कळतो, आणि हातात सामान असलेल्या कुणालाही.

लिफ्टमध्ये समोरच्या भिंतीवर आरसा असतो, तो केस विंचरायला नाही. आत खुर्ची वळवायला जागा नसेल तर मागे मागे बाहेर यावं लागतं, तेव्हा पाठीमागचं दिसावं म्हणून तो आहे. स्वच्छतागृहात मदतीसाठी लाल दोरी असेल तर ती जमिनीजवळ पोचते का पाहा. साफसफाईत अडथळा नको म्हणून ती वर गुंडाळून ठेवलेली मी पाहिली आहे. पडलेल्या माणसाचा हात तिथे पोचणार कसा?

दृष्टिहीनांना वाट कळावी म्हणून पायाला जाणवणाऱ्या उंचवट्यांच्या फरशा जपानच्या सेइइची मियाके यांनी तयार केल्या. त्या १९६७ साली ओकायामात पहिल्यांदा बसल्या. त्यांची भाषा दोन शब्दांची: लांबट रेघा म्हणजे चला, ठिपके म्हणजे थांबा, पुढे काहीतरी आहे. शोभेसाठी रेघा आणि ठिपके उलटसुलट बसवले की ते वाक्य निरर्थक होतं. रेघ खांबात जाऊन संपत असेल तर त्याहून वाईट. त्यांचा पिवळा रंगही उगाच नाही, अंधुक दिसणाऱ्यांना तो आजूबाजूच्या फरशीपासून वेगळा ओळखू येतो.

दार कोणत्या दिशेला असलं की शुभ, यासाठी होकायंत्र घेऊन अंश मोजणारे लोक आहेत. त्याच दाराची रुंदी ९० सेंटिमीटर आहे का, हे मोजायला टेप कुणी काढत नाही. दुसऱ्या टोकाला, जिने चढणाऱ्या यंत्रखुर्च्यांचे व्हिडिओ पाहून 'आता रॅम्पची गरजच संपली' म्हणणारे आहेत. रॅम्पला चार्जिंग लागत नाही. तो बाबागाडीला चालतो, वॉकरला चालतो आणि गुडघा दुखावलेल्या माझ्यासारख्यालाही चालतो.

त्या गृहस्थांना मी एवढं सगळं लिहिलं नाही, फक्त फोन ठेवून अंश बघा म्हणालो. त्यांचं उत्तर आलं, 'चौदा. पण सात मीटर जागा आणायची कुठून?' प्रश्न रास्त होता. दोन दिवसांनी त्यांनी आणखी एक फोटो पाठवला. पार्किंगच्या बाजूला एक दार आहे, त्याला एकच पायरी, आणि समोर चांगली चार मीटर मोकळी जागा. तेच दार सगळ्यांसाठी मुख्य करावं का, यावर सध्या त्यांच्याकडे वाद चालू आहे.