३४ इंच म्हणजे ३२ पेक्षा मोठा?

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात मॉनिटर घ्यायला गेलं की हमखास ऐकू येतं, 'साहेब, ३२ सोडा, ३४चा अल्ट्रावाइड घ्या, मोठा पडतो.' मोठा कसला! इंच मोजतात ते तिरके, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. ३४ इंची अल्ट्रावाइडचा, म्हणजे जास्त आडव्या मॉनिटरचा, पडदा सुमारे ८० सेंटिमीटर रुंद, पण उंची जेमतेम ३३, म्हणजे साध्या २७ इंचीएवढीच. साधा ३२ इंची ७१ रुंद, ४० उंच. क्षेत्रफळही त्याचंच जास्त. एक्सेलचे रकाने आडवे पसरणाऱ्याला अल्ट्रावाइड झकास, लांबलचक मजकूर वाचणाऱ्याला नाही.

वाकलेल्या पडद्यांच्या आकड्यातही तीच गफलत, मोठा आकडा म्हणजे जास्त वाक नव्हे. १८००आर ही त्या वाकाची मिलिमीटरमधली त्रिज्या. १०००आर उलट जास्त वाकलेला. आणि वन रूम किचनमध्ये टेबल भिंतीला चिकटलेलं, तेव्हा स्टँडचे पाय किती पुढे येतात तेही टेपने मोजा.