माहेरच्या गाण्यांचे परके गीतकार

गिटारवर पहिले तीन-चार कॉर्ड जमले की आपल्याकडची मुलंही जी ठरावीक इंग्रजी गाणी वाजवतात, त्यांत 'टेक मी होम, कंट्री रोड्स' हमखास असतं. जॉन डेन्व्हरच्या आवाजातलं १९७१ सालचं हे गाणं वेस्ट व्हर्जिनिया राज्याचे गोडवे गातं. पण त्यातले ब्लू रिज डोंगर आणि शेनान्डोआ नदी नकाशात शोधायला बसलं की पंचाईत होते. दोन्ही मुख्यतः शेजारच्या व्हर्जिनिया राज्यात आहेत. वेस्ट व्हर्जिनियाच्या पार पूर्वेकडच्या टोकाला, हार्पर्स फेरीच्या आसपास, ती जेमतेम शिवून जातात. भूगोलाच्या मास्तरांनी इथे लाल शाई वापरली असती. अर्थात आपण फार हसू नये. महाराष्ट्राने २०२३ साली राज्यगीत म्हणून स्वीकारलेल्या राजा बढे यांच्या गीतात नद्यांची नावं सुरू होतात ती रेवेपासून, आणि रेवा म्हणजे नर्मदा आपल्या नंदुरबारच्या उत्तर सीमेवरून तेवढी वाहते.

वेस्ट व्हर्जिनियाच्या गाण्यातली गफलत समजण्यासारखी आहे, कारण ते लिहिणारे तिथले नव्हतेच. बिल डॅनॉफ आणि टॅफी निव्हर्ट हे वॉशिंग्टनच्या क्लबांमधून गाणारं जोडपं. निव्हर्टच्या नातेवाइकांकडे जाताना, मेरिलंडमधल्या क्लॉपर रोड नावाच्या वळणावळणाच्या रस्त्यावर, डॅनॉफच्या मनात गाणं घोळायला लागलं. तो मूळचा मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डचा. आधी त्याने आपल्याच राज्याचं नाव तिथे घालण्याचा विचार केला होता. वेस्ट व्हर्जिनियाशी त्याचा जुना संबंध म्हणजे लहानपणी घरच्या रेडिओवर तिथल्या व्हीलिंग शहराचं केंद्र लागायचं, एवढाच. नाव चालीत चपखल बसलं आणि राहिलं.

डिसेंबर १९७० मध्ये वॉशिंग्टनच्या 'सेलर डोअर' क्लबात डेन्व्हरचे कार्यक्रम चालू होते, आणि हे दोघे त्याच्याआधी गात. एका रात्री कार्यक्रम संपवून निघाल्यावर डेन्व्हरच्या गाडीला अपघात झाला, अंगठा मोडला. इस्पितळातून तो तसाच या दोघांच्या घरी आला, अर्धवट गाणं ऐकलं आणि पहाटेपर्यंत तिघांनी मिळून ते पुरं केलं. दुसऱ्याच दिवशी, ३० डिसेंबरला, ते क्लबात गायलं गेलं.

डेन्व्हरची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. त्याचं खरं आडनाव डॉइशेनडॉर्फ. जन्म न्यू मेक्सिकोतल्या रॉसवेलचा, वडील हवाई दलात. त्यामुळे बदल्यांमागे बदल्या, आणि 'आमचं गाव' म्हणावं असं गावच नाही. मग त्याने आडनावाच्या जागी कोलोरॅडोच्या राजधानीचं नाव लावलं. त्याने कोलोरॅडोवर रचलेलं 'रॉकी माउंटन हाय' हे २००७ साली त्या राज्याचं दुसरं राज्यगीत झालं. तेव्हा तो जाऊन दहा वर्षं होत आली होती.

ऑगस्ट १९७१ मध्ये 'कंट्री रोड्स' अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचलं, पहिल्यावर बी जीज या भावांच्या बँडचं गाणं होतं. योगायोग असा, की याच बी जीजनी १९६७ साली मॅसॅच्युसेट्सवर गाणं केलं होतं, तेही त्या राज्यात पाऊल न टाकता. म्हणजे मॅसॅच्युसेट्सच्या मुलाने वेस्ट व्हर्जिनियाचं गाणं लिहिलं, आणि मॅसॅच्युसेट्सचं लिहिलं इंग्लंड-ऑस्ट्रेलियात वाढलेल्या भावांनी.

मग वेस्ट व्हर्जिनियाच्या लोकांनी हे उसनं गाणं इतकं का कवटाळलं? याचं उत्तर जनगणनेत सापडतं. १९५० मध्ये राज्याची लोकसंख्या २० लाखांच्या वर होती. १९७० मध्ये ती साडेसतरा लाखांपेक्षा कमी झाली. कोळशाच्या खाणींत यंत्रं आली, हातांना काम उरलं नाही, आणि घरंच्या घरं ओहायो, मिशिगनच्या कारखान्यांकडे निघून गेली. गाणं आलं तेव्हा 'घरी ने' म्हणणारा श्रोता हजारोंनी तयार होता. शेनान्डोआ नेमकी कुठून वाहते हे त्याला गीतकारापेक्षा चांगलं ठाऊक असणार, पण त्याचं काही बिघडत नव्हतं. १९७२ पासून हे गाणं वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या फुटबॉल सामन्यांत वाजतं. १९८० साली विद्यापीठाच्या मॉर्गनटाउनमधल्या नव्या मैदानाच्या उद्घाटनाला डेन्व्हर स्वतः येऊन गायला. विधिमंडळाने या गाण्याला अधिकृत राज्यगीतांत घेतलं ते मात्र २०१४ साली.

जात्यावर बसून माहेराचं कौतुक ओवीत गुंफणारी बाई सासरी असते. माहेरी असताना माहेर गायची वेळ तिच्यावर येत नाही. गावाची गाणी गाव सुटल्यावरच होतात, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. अमेरिकेत मात्र या साध्या गोष्टीला एक वाकडं वळण आहे. तिथली या प्रकारातली सर्वांत गाजलेली जुनी गाणी ज्यांच्या तोंडी घातली गेली, त्यांच्या नशिबी माहेर नव्हतं, मालकाचा मळा होता. आणि लिहिणारा तिसराच.

हा तिसरा म्हणजे स्टीफन फॉस्टर. जन्म ४ जुलै १८२६, पिट्सबर्गजवळ. म्हणजे उत्तरेतला गोरा माणूस. त्याच्या काळात मिन्स्ट्रेल नावाचे खेळ जोरात होते. गोरे नट तोंडाला काजळी फासून काळ्या गुलामांची सोंगं वठवायचे, त्यांच्या मोडक्या बोलीची नक्कल करत गाणी म्हणायचे. फॉस्टर या खेळांसाठी गाणी लिहीत असे. १८५१ साली त्याने 'ओल्ड फोक्स ॲट होम' लिहिलं. दूर फेकला गेलेला एक गुलाम जुन्या मळ्याच्या आणि तिथल्या नदीच्या आठवणीने व्याकूळ होतो, असं ते गाणं. कच्च्या खर्ड्यात नदी होती दक्षिण कॅरोलिनातली पी डी. नाव कानाला बरं लागेना. भावाने नकाशांचं पुस्तक काढलं, बोट फिरवत फिरवत फ्लोरिडातल्या सुवानीवर आणलं. फॉस्टरने तिचं एक अक्षर खाल्लं, 'स्वानी' केलं आणि काम झालं. फ्लोरिडा त्याने जन्मात पाहिलं नाही. त्याच फ्लोरिडाने १९३५ साली हे गाणं राज्यगीत केलं.

केंटकीची कथा याहून गुंतागुंतीची आहे. 'माय ओल्ड केंटकी होम' १८५३ च्या सुरुवातीला छापलं गेलं. त्याच्या आदल्याच वर्षी हॅरिएट बीचर स्टोव यांच्या 'अंकल टॉम्स केबिन' या गुलामगिरीविरुद्धच्या कादंबरीने देश ढवळून निघाला होता, आणि फॉस्टरच्या पहिल्या खर्ड्यात अंकल टॉमचं नावच होतं. गाण्याचा विषय काय? केंटकीतल्या गुलामाला खाली दक्षिणेत, उसाच्या मळ्यांकडे विकलं जातंय आणि तो घराचा निरोप घेतोय. हे घरच्या ओढीचं गाणं आहे, पण त्या ओढीच्या मुळाशी बाजारात झालेली विक्री आहे. स्वतः गुलामीतून निसटलेले फ्रेडरिक डग्लस यांनी १८५५ मध्ये या गाण्याचा उल्लेख आपुलकीने केला. अशा गाण्यांनी गुलामांविषयी कणव जागी होते, असं त्यांचं मत होतं.

पुढे मात्र गाण्याचं पहिलंच कडवं तेवढं लोकांच्या तोंडी उरलं. ऊन, मका, कुरण, पाखरं. उसाचा मळा येतो शेवटच्या कडव्यात, आणि तिथवर कुणी जात नाही. बार्ड्सटाउनमधला फॉस्टरच्या नातेवाइकांचा वाडा हेच गाण्यातलं घर, असं ठरवून १९२३ साली तो पर्यटकांना खुला झाला. गुलामाच्या झोपडीचं गाणं असं मालकाच्या वाड्यावर चढलं. १९२८ मध्ये ते राज्यगीत झालं. मे महिन्यात लुईव्हिलला केंटकी डर्बीची घोड्यांची शर्यत असते. तेव्हा लाखभर लोक भारी टोप्या घालून, डोळे पुसत हे गातात. विक्रीला निघालेल्या माणसाचा निरोप आपण गातोय हे त्यांतल्या किती जणांना माहीत असेल, हा प्रश्न मला ते दृश्य पाहताना दर वेळी पडतो.

गाण्यात काळ्या माणसांना हिणवणारा एक शब्द होता. १९८६ साली जपानी विद्यार्थ्यांचा एक गट केंटकीच्या विधिमंडळात आला आणि पाहुणचाराला मान म्हणून त्यांनी राज्यगीत म्हटलं, पाठ केलेल्या मूळ शब्दांसकट. सभागृह अवघडलं. कार्ल हाइन्स हे तिथले कृष्णवर्णीय सदस्य. त्यांनी ठराव मांडला आणि त्या शब्दाच्या जागी 'लोक' हा साधा शब्द आला. २०२० मध्ये, महासाथीमुळे सप्टेंबरात ढकललेल्या आणि प्रेक्षकांविना झालेल्या डर्बीत, आधी स्तब्धता पाळली गेली आणि मग शब्दांविना नुसती चाल तुतारीवर वाजली.

फॉस्टर स्वतः १८६४ च्या जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये वारला. वय ३७. पाकिटात ३८ सेंट होते.

व्हर्जिनियाच्या 'कॅरी मी बॅक टू ओल्ड व्हर्जिनी'मध्ये उलटंच कोडं आहे. तेही मळ्याची आणि मालकाची आठवण काढणारंच गाणं, पण १८७८ साली ते रचणारा जेम्स ब्लँड स्वतः कृष्णवर्णीय होता. तो न्यूयॉर्कजवळच्या फ्लशिंगमध्ये स्वतंत्र कुटुंबात जन्मला. मिन्स्ट्रेलचा बाजार जे मागेल ते पुरवण्याखेरीज काळ्या कलावंताला रंगमंचावर दुसरी वाट जवळजवळ नव्हती. व्हर्जिनियाने १९४० साली ते राज्यगीत केलं. १९७० मध्ये डग्लस वाइल्डर यांनी राज्याच्या सिनेटमधल्या आपल्या पहिल्याच भाषणात या गाण्यावर तोफ डागली. पुढे हेच वाइल्डर व्हर्जिनियाचे गव्हर्नर झाले, अमेरिकेत निवडून आलेले पहिले कृष्णवर्णीय गव्हर्नर. तरी गाणं हटायला १९९७ उजाडावं लागलं, आणि तेव्हाही ते रद्द झालं नाही. निवृत्त प्राध्यापकांना मानाची पदवी देतात तशी देऊन त्याला बाजूला बसवलं.

मेरिलंडच्या गाण्याचा जन्म यादवी युद्धातला. एप्रिल १८६१ मध्ये बाल्टिमोरमध्ये उत्तरेचे सैनिक आणि जमाव यांच्यात रक्तपात झाला. मूळचा बाल्टिमोरचा जेम्स रँडल तेव्हा दूर लुइझियानात शिक्षक होता. बातमी वाचून त्याने रातोरात नऊ कडवी लिहिली. लिंकनला त्यात जुलमी म्हटलंय, उत्तरेच्या लोकांना गाळ म्हटलंय. चाल मात्र जर्मनांच्या नाताळच्या झाडाच्या गाण्याची! ज्या मेरिलंडने शेवटी उत्तरेची साथ सोडली नाही, त्याने १९३९ साली हे गाणं राज्यगीत केलं आणि २०२१ पर्यंत ठेवलं.

या सगळ्यांत एकाच गाण्याचं अधिकृत होणं मला मनापासून पटतं. 'जॉर्जिया ऑन माय माइंड' १९३० सालचं. चाल इंडियानाच्या होगी कारमायकलची, शब्द स्टुअर्ट गॉरेलचे. गाण्यातली जॉर्जिया म्हणजे राज्य की बाई, हे शब्दांवरून नीट कळतही नाही. कृष्णवर्णीय गायक रे चार्ल्सचा जन्म त्याच वर्षी जॉर्जियातल्या ऑल्बनीचा, पण बालपण गेलं फ्लोरिडात. १९६० साली त्याने हे गाणं म्हटलं आणि ते त्याचंच झालं. दुसऱ्या वर्षी जॉर्जियातल्या ऑगस्टा इथे त्याचा कार्यक्रम ठरला होता. काळ्या-गोऱ्या प्रेक्षकांना वेगवेगळं बसवणार हे कळल्यावर त्याने गायला नकार दिला, आणि त्यापायी दंड भरला. मार्च १९७९ मध्ये जॉर्जियाच्या विधिमंडळाने त्याला बोलावलं, सभागृहात त्याने पियानोवर ते गाणं म्हटलं, आणि पुढच्याच महिन्यात ते राज्यगीत झालं.

आणि मालकी हक्काच्या भांडणांशिवाय हा इतिहास पुरा होणार कसा? 'होम ऑन द रेंज' तिशीच्या दशकात रेडिओवर घरोघर पोहोचलं होतं. काऊबॉयांचं लोकगीत, त्याला कसला धनी, असं समजून जो तो ते वाजवत होता. १९३४ साली ॲरिझोनातलं एक जोडपं पुढे आलं आणि गाणं आमचं म्हणून पाच लाख डॉलर मागू लागलं. प्रकाशकांच्या संघटनेने सॅम्युएल मोनफेल्ट नावाच्या वकिलाला शोधावर पाठवलं. म्हाताऱ्या गुराख्यांना, जुन्या वस्तीकऱ्यांना गाठत, जुनी वर्तमानपत्रं चाळत तो कॅन्ससच्या स्मिथ काउंटीत पोहोचला. सरकारने वाटलेल्या जमिनीवर १८७१ मध्ये येऊन राहिलेला ब्रूस्टर हिगली नावाचा डॉक्टर मूळ कवी निघाला, आणि चाल लावणारा होता डॅन केली. दावा बारगळला. कॅन्ससने १९४७ मध्ये गाण्यावर आपला शिक्का मारला. हिगली ज्या जागेवर लिहीत होता तिथेच राहत होता, हे खरं. पण तोही ओहायोकडून आलेला, आणि ज्या मूळ रहिवाशांना हटवून ती जमीन मोकळी झाली, त्यांचा उल्लेख गाण्याच्या पुढे वाढलेल्या एका कडव्यात येतो. तेही कडवं सहसा कुणी म्हणत नाही.

न्यू जर्सीला आजही राज्यगीत नाही. तिथला अस्सल भूमिपुत्र म्हणजे फ्रीहोल्ड गावचा ब्रूस स्प्रिंगस्टीन. बंद पडलेल्या गिरणीची, ओस पडलेल्या मुख्य रस्त्याची गाणी त्याने तिथल्या मातीत वाढून लिहिली. १९८० साली न्यू जर्सीच्या असेंब्लीने त्याच्या 'बॉर्न टू रन'ला राज्यातल्या तरुणांचं अनधिकृत रॉक गीत ठरवणारा ठराव केला. गाण्याचा मजकूर असा, की हे गाव माणसाचा जीव घेतं, तरुण आहोत तोवर इथून पळून जाऊ.